मापाचा डबा

सून : एक किलो सातशे चाळीस. लिहिलंत का, बाबा?

सासरे : लिहिलं. अगं, खाली ठेव त्याला. काट्यावर थरथरतोय बिचारा.

सून : ससा स्वस्थ बसलाय. थरथरतेय ती तुमची पेन्सिल. पुढचा द्या.

सासरे : आता वजनं करून काय मिळणार? आईपासून तोडून तीन आठवडे झाले. पोटभर खाणाऱ्या रांगेतलं विसातलं एक पिल्लू गेलं. तुझ्या मोजून जेवणाऱ्यांतली सहा गेली. मी एक शब्द बोलत नाहीये.

सून : एक शब्द बोलत नाहीये, हे तुम्ही सकाळपासून चौथ्यांदा बोललात.

सासरे : मागच्या खेपेला माझ्या हातून चौदा गेली, तेव्हा तू महिनाभर बोलत होतीस. ‘बाबा, एवढ्याशा पोटात खाद्याची कांडी कोंबली की पोट फुगतं, हगवण लागते. पहिले तीन आठवडे पाचातला एक भाग कमी द्यायचा, पुढे ती वजनाची कसर भरून काढतात.’ मी म्हटलं, शिकलेली सून आहे, असेल बाई.

सून : म्हणून तर पैज लावली, एक रांग तुमच्या पद्धतीनं, एक माझ्या. हरले मी. हा घ्या मापाचा डबा. पुढच्या खेपेपासून खाद्य तुमच्या हातात. मी पिंजरे धुवेन.

सासरे : अगं, लगेच डबा काय हातात देतेस? आधी वजनं तर होऊ दे.

सून : आत्ता तर म्हणालात, वजनं करून काय मिळणार!

सासरे : म्हातारा माणूस आहे. काहीही म्हणतो.

सून : हसू नका, बाबा. परवा मोरीत नळ सोडून रडले मी. एवढं वाचलं, एवढं मोजलं, आणि माझ्याच रांगेतली मरतायत. वाटलं, हे काम आपलं नाहीच. द्या तो पांढरा.

सासरे : हा घे. कानाला धरू नकोस.

सून : एक आठशे दहा! आणि पोटभर रांगेतला सगळ्यात मोठा किती होता?

सासरे : एक... सहाशे वीस. बहुतेक. अक्षर नीट लागत नाही.

सून : तुमचंच आहे. मोजून जेवणारे जाडे, आणि पोटभर जेवणारे हलके? असं कुठे होतं का?

सासरे : निसर्ग आहे. त्याच्या मनात काय असेल ते कुणी सांगावं?

सासू : (हातात ओला सदरा) निसर्गाचं राहू दे, हे काय आहे ते सांगा. तीन आठवडे झाले, रोज खिशातून हा हिरवा चिखल निघतोय. घासून घासून माझे हात हिरवे झाले.

सासरे : कांडी असेल. शेडमध्ये वावरतो, उडून पडत असेल.

सासू : उडून दोन्ही खिशांत? तेही बटण लावलेल्या?

सून : बाबा, पोत्यावर रोज मी खूण करते. पोत्यातून मापाबाहेर मूठभरही कांडी कमी झालेली नाही. मग ही कांडी आली कुठून?

सासरे : पोत्याला हात लावायची कुणाची छाती आहे? मी... पोटभरवाल्यांच्या भांड्यांतून घ्यायचो.

सून : काय?

सासरे : संध्याकाळी तू भांडी भरून हातपाय धुवायला गेलीस की दोन मुठी उचलायच्या आणि समोरच्या उपाशांना टाकायच्या. त्यांना काय, उरणारच होतं.

सून : प्रत्येक पिंजऱ्यात?

सासरे : मग? पंक्तिप्रपंच मला जमत नाही.

सून : दोन मुठी टाका काट्यावर. आत्ता. आत्ता म्हणजे आत्ता, बाबा.

सासरे : घे.

सून : ऐंशी ग्रॅम. पोटभरवाल्यांच्या भांड्यात चारशे, त्यातून ऐंशी काढले, तीनशे वीस. माझ्या रांगेतल्या तीनशे विसात ऐंशी घातले, चारशे. अगदी तंतोतंत!

सासू : मला कळेल असं बोला.

सून : आई, ज्यांना मोजून द्यायचं ती पोटभर जेवली, आणि पोटभरवाली मोजून. पाट्या तिथेच राहिल्या, ताटं फिरली. म्हणून माझ्या रांगेत सकाळी कांडी उरायची! मला वाटायचं, आजारानं खात नाहीत.

सासू : थांब, थांब. मग पैज कुणी जिंकली?

सासरे : तिनं. दुसरं कोण? माझी मूठ जिथे पडली, तिथली सहा गेली. तिसरं पिल्लू गेलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. पण जिंकत होतो ना! आणि खरं सांगू, हात थांबत नव्हता. शेवटी सुरीखालीच जायची, निदान पोटभर खाऊन जाऊ देत, असं वाटायचं. त्या सहांना तेवढे दिवससुद्धा मिळाले नाहीत.

सासू : जन्मभर मला ‘भाजीत तेल कमी घाल’ म्हणून मोजत आले, आणि सशांना हे दानशूर!

सासरे : तू गप गं. सूनबाई, हा तुझा डबा घे. चुकलो मी.

सून : मी एक शब्द बोलत नाहीये.

सासरे : बोल, बोल. पुढचा महिना तुझाच आहे. पण संध्याकाळी मी करू काय? भांडं चाटूनपुसून झालं की जाळीशी येऊन बघत बसतात माझ्याकडे.

सून : वाळलेलं गवत द्या. गवताला माप नाही. हवं तेवढं द्या.

सासरे : आणि हे तू आज सांगतेस?

सून : तुम्ही चोरी करण्याआधी विचारायचं होतं ना!

सासू : खिसे मी आजच शिवून टाकते.

सासरे : एक राहू दे गं, चष्म्यापुरता. सूनबाई, वहीत त्या सहांपुढे कारणाचा रकाना रिकामाच आहे. काय लिहू?

सून : ‘लाड’ लिहा, बाबा. आणि पुसू नका.