दात काढलेला जंतू

(ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातली एक प्रयोगशाळा, हात धुण्याची मोरी. टेगन ही संशोधक, कोरल ही तिथली सगळ्यांत जुनी तंत्रज्ञ.)

कोरल : पिळू नकोस बोट! नुसतं पाण्याखाली धर.

टेगन : एवढंसं तर खरचटलंय. नळी तडकलेली होती, दिसलीच नाही.

कोरल : हातमोजा फाटला, रक्त आलं. थांब, अपघाताचा फॉर्म आणते.

टेगन : नको ना गं! नळीत माझाच जंतू होता. त्याचं विषारी प्रथिन मीच काढून टाकलंय. दात काढलेला साप तो. चार वर्षं उंदरांना टोचतेय, एक मेला नाही.

कोरल : मग हात सारखा मागे का घेतेस?

टेगन : पाणी गार आहे.

कोरल : फेब्रुवारीच्या उकाड्यात? डार्विनच्या नळाला? कुणाला शेंड्या लावतेस? हे बघ, माझा नवरा डेस बागेत अनवाणी गेला, टाचेला ओरखडा आला. चिखलातला हाच जंतू. दहाव्या दिवशी पुरलं आम्ही त्याला.

टेगन : तो जंतू दातवाला होता. आणि डेसला साखर होती, तूच म्हणालीस. साखरवाल्यांनाच तो...

कोरल : बोल की. थांबलीस का?

टेगन : फॉर्मवर दुसराच प्रश्न तो आहे. मधुमेह आहे का.

कोरल : टेगन! तुला साखर आहे?

टेगन : ओरडू नकोस, सगळे ऐकतील.

कोरल : म्हणून दुपारी गाडीत बसून जेवतेस! आणि आम्ही म्हणायचो, पोरगी शिष्ट आहे. इथे लागताना काय लिहिलंस?

टेगन : नाही म्हणून. हो लिहिलं असतं तर दारात तरी उभं केलं असतं का? आता प्रयोग संपायला तीनच महिने राहिलेत गं. हा फॉर्म गेला की माझं आत शिरायचं कार्ड बंद.

कोरल : खड्ड्यात गेलं तुझं कार्ड! मला एक सांग. तुझे उंदीर सगळे धडधाकट. साखर असलेला एक तरी घेतलास?

टेगन : नाही.

कोरल : चार वर्षांत एकही नाही? आपल्या प्रमुख हेलनने दोनदा सांगितलं होतं तुला, माझ्यासमोर.

टेगन : घाबरले. तो मेला असता तर?

कोरल : अगं वेडे...

टेगन : इन्सुलिन टोचताना रोज स्वतःला बजावायचे, हा मला काही करणार नाही. मीच घडवलाय ना त्याला.

कोरल : बरं, पूस डोळे. डॉक्टरांना बोलावते, गोळ्या आत्ताच सुरू होतील. तीन आठवडे एकही चुकवायची नाही, मी समोर उभी राहीन. हा घेतला फॉर्म. आता सांग, लिहिते. मधुमेह?

टेगन : हो. अकरा वर्षं.

कोरल : जंतूचा प्रकार. निरुपद्रवी, असं लिहू?

टेगन : नको.

कोरल : मग काय लिहू?

टेगन : माहीत नाही, असं लिही.