न पडणारा पूल

बाबा : शून्य? बाई, या पुलावरून उद्या हत्ती जाईल, आणि तुम्ही शून्य देता?

बाई : हत्तीला कोण अडवतंय? पण तिसरीला मी काय सांगितलं होतं? पूल बांधायचा, वजन ठेवायचं, तो पडताना शाळेच्या टॅबवर टिपायचा. मग तेच सावकाश लावून बघायचं, आधी कुठे मोडला, आणि पुन्हा बांधायचा. पडण्याचे गुण आहेत, साहेब.

बाबा : माझा पूल पडत नाही.

बाई : तेच तर दुखणं आहे.

बाबा : अहो, इंजिनिअर आहे मी! अर्धा जन्म पुलांवर गेला. खाली दिवे लावलेत, बोट आली की मधला भाग मोटरवर उघडतो...

बाई : ठमे, तू सांग गं. कसा उघडतो?

लेक : बटण दाबलं की.

बाई : आणि बटण?

लेक : ते बाबाकडे असतं.

बाबा : लहान आहे हो. हरवलं असतं.

बाई : बरं. टॅब मात्र ठमीने मन लावून चालवलाय. ऐका.

(टॅबमधून बाबांचा आवाज : "नको, नको. सोड ते. तिथे नाही गं! बाजूला हो, उजेड अडतोय. आईकडे जा बरं जरा.")

बाबा : हे कधी काढलंस?

लेक : तूच म्हणालास ना, रिकामी बसू नकोस, काहीतरी कर.

बाई : अंगठा फार सुरेख आलाय तुमचा. मला वाटतं, बोटीपेक्षा तोच उठून दिसतोय.

बाबा : टोमणे पुरे, बाई. उद्या प्रदर्शन आहे. आमचं अख्खं ऑफिस यायचंय. मोठ्या साहेबांना मी स्वतः बोलावलंय.

बाई : वा! मग पुलाशेजारी उभं राहून समजावणार कोण? गणवेश शिवायला टाकलात का?

लेक : मी उद्या येणार नाही. माझं पोट दुखणार आहे.

बाबा : दुखणार आहे?

लेक : हो. सकाळी. त्या पुलाशेजारी उभं केलंस तर दुपारीसुद्धा.

बाबा : अगं वेडे, सगळ्यांत भारी पूल आपला!

लेक : सगळ्यांचे पडले, बाबा. सगळे टॅबवर वाकून वाकून हसत होते. "थांब, आता माझा बघ, माझा तर उडालाच!" मला कुणी विचारलंच नाही. माझ्याकडे बघण्यासारखं काही नव्हतंच.



बाई : शाळा सुटली, पण वर्गाची किल्ली माझ्याकडे आहे. ठमे, या घे स्ट्रॉ, ही चिकटपट्टी. दोन बाकांमध्ये नदी आहे असं समज. साहेब, तुम्ही टॅब धरा. दोन्ही हातांनी.

बाबा : दोन्ही कशाला?

बाई : एक मोकळा राहिला तर तुम्हालाच राहवणार नाही.

लेक : एक नळी आडवी, एक नळी उभी, मुंगीबाई निघाली पलीकडच्या गावी...

बाबा : ठमे, तिथे त्रिकोण घे, त्रि...

बाई : साहेब.

बाबा : नाही, मी फक्त म्हटलं, तो जोड जरा... बरं. गप्प बसतो.

लेक : आता खोडरबर ठेवते. राहिला! आता कंपासपेटी. हलू नको रे, हलू नको, शहाण्या... आता पाण्याची बाटली... आई गं! पडला! बाई, पडला! ती आडवी नळी आधी वाकली, मी बघितलं, मग सगळं धाडदिशी गेलं!

बाई : शाब्बास गं माझी! लावा हो साहेब, सावकाश लावा. बघू या, नळीच वाकली का.

लेक : लाव ना, बाबा. आला ना पूल?

बाबा : पूल नाही आला गं, बाळा. सगळीकडे तूच आलीस.

लेक : अरे देवा. मग परत पाडावा लागेल.