मुद्दाम चुकवलेलं गणित

झेरॉक्सच्या दुकानातल्या दोघी गणिताच्या एकाच कोर्सच्या वर्गातल्या निघाल्या, एक शिवणकाम करणाऱ्या काकू आणि दुसरी विशीतली मुलगी. दुकानदाराने कान तिकडे लावून कागद जरा सावकाशच घातले.

"काकू, उत्तर बरोबर आलंय की! खोडताय कशाला?"

"बरोबर आलंय म्हणूनच. आता दोन्ही मॅट्रिक्स उलट्या क्रमाने गुणते, म्हणजे हमखास चुकतं."

"अहो, पण का?"

"माझी लेक परदेशात हेच लिनिअर अल्जेब्रा शिकवते. एरवी फोनवर 'जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का', की संपलं. पण चुकलेल्या गणिताचा फोटो पाठवला, की पाऊण तास बोलते माझ्याशी."

"आणि कोर्स संपल्यावर?"

"नापास झालं की पुन्हा बसता येतं. चौकशी करून ठेवलीय मी."

मुलगी हसली आणि वहीत डोकावली.

"पण काकू, नुसता क्रम उलटा झालाय हे तिला एका नजरेत कळत असणार. मग पाऊण तास समजावते तरी काय?"

काकूंचा खोडरबर वहीवरच थांबला.

"अगदी पहिल्या धड्यापासून सुरू करते गं. दर वेळी."