धाकट्याचं अर्धं वाक्य

अध्यक्षस्थानी बसलेले माननीय पाळकसाहेब, व्यासपीठावरची मंडळीतली वडीलधारी माणसं, ज्यांना आज आपण निरोप देतोय त्या रविवारच्या शाळेच्या आमच्या बाई, आणि समोरच्या बंधूंनो, भगिनींनो, पुढच्या रांगेत चुळबुळ करणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांनो, सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

भाषण करायची माझी लायकी नाही. सातवीत शाळा सोडली ती सोडलीच. आता परमुलखात वेल्डिंग करतो. पाळकसाहेब म्हणाले, "दोन शब्द बोल." जास्त झाले तर साहेबांनी खुणेनं बसवावं.

बाईंनी तीस वर्षं या हॉलच्या मागच्या खोलीत मुलांना काय शिकवलं? गाणी शिकवली, वचनं पाठ करून घेतली, सगळं खरं. पण खरं म्हणजे थांबायला शिकवलं. आम्ही चटईवर गोल करून बसायचो. प्रत्येकानं आपापल्या शब्दांत प्रार्थना करायची, आणि दुसऱ्याची चालू असताना कुणी शब्द पुरवायचा नाही. पुरवला, की त्या रविवारी त्याची पाळी गेली.

माझी दर रविवारी जायची. कारण शेजारी माझा धाकटा भाऊ. तो बोलताना अडायचा. पोरं त्याला फटफटी म्हणायची. किक मारत राहा, सुरू होईल तेव्हा होईल. तो "हे प्र... प्र..." करायचा आणि मी "प्रभू, आईला बरं कर, आमेन" असं उरकून टाकायचो. सगळे हसायचे, तोही हसायचा. बाई तेवढ्या म्हणायच्या, "प्रभूला घाई नाही. तुझी कुठली गाडी सुटतेय रे?"

मी शिकलो का? नाही शिकलो. तिकडे चहाची सुट्टी दहा मिनिटांची. धाकटा नेमका तेव्हाच फोन करायचा. मी म्हणायचो, "आटप, हातमोजे घालायचेत." शेवटच्या वेळी "दा... दादा, म... मला..." इथवर आला. मी म्हणालो, "नवा फोन हवा ना? येताना आणतो." आणि ठेवून दिला. आणलाय. खोक्यातच आहे.

आठ दिवसांनी तो तापानं गेला. मी पोचेपर्यंत माती देऊन झाली होती.

तो गेला त्या दुपारी आई औषधं आणायला खाली गेली होती. खाटेजवळ बाई होत्या. म्हणून परवा त्यांच्या घरी गेलो. सामान बांधलेलं, त्या भाचीकडे कायमच्या निघाल्यात ना. म्हटलं, "बाई, तो काही बोलला का?"

"बोलला. 'दादाला सांगा, मी...' एवढ्याला त्याला फार वेळ लागला. मी थांबले. पुढचं आलं नाही."

"पण तुम्हाला अंदाज असेलच की!"

"आहे. पण तो माझा अंदाज. त्याच्या तोंडी मी शब्द घालणार नाही, राजा."

मी भडकलो. म्हणालो, गेलेल्या माणसाशी कसली शिस्त पाळताय? आणखी वाटेल ते बोललो. बाई रडल्या, पण सांगितलं नाही. बाई, त्या बोलण्याची इथं सगळ्यांदेखत माफी मागतो. राग गेलाय, असं मात्र खोटं सांगणार नाही.

आईची इतके दिवस बाईंना विचारायची छाती झाली नव्हती. आज सकाळी तिनं मला विचारलं, "काय म्हणाला रे माझा बाळ?"

मी म्हणालो, "दादाला सांगा, मी."

आई तोंडाकडे बघत राहिली. 'आईला जप म्हणाला' एवढं म्हटलं असतं तरी तिचा जीव निवला असता. माझ्या जिभेवर आलंच होतं. मी तोंड मिटून तिच्याजवळ बसलो. पुष्कळ वेळानं तीच म्हणाली, "मला तर तेवढंही ठाऊक नव्हतं."

बाई, तुमच्या या विद्यार्थ्याला एवढंच जमलं.

पाळकसाहेबांचे, मंडळीचे, सकाळपासून खुर्च्या मांडणाऱ्या तरुण पोरांचे आभार. अडाणी माणूस आहे, कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पदरात घ्या. सलाम.