रॉकेटवरचं लेबल

मारेगावात संघदीपच्या झेरॉक्सच्या दुकानात जमनी रेशनकार्ड घेऊन ताटकळली होती. रांगेत तिच्या पुढे असलेल्या कॉलेजातल्या पोरीचं काम काही केल्या सरेना.

"दीपा, लेबलावर काय टाइप करू?" संघदीपनं तिला विचारलं.

"कर, हे दीपाचं रॉकेट आहे, सापडलं तर फोन करा. खाली बाबाचा नंबर."

"रॉकेटले नंबर कायले?"

"वर जाते, मंग हवेनं कोनाच्याही वावरात पडते. मागचं असंच गेलं."

"होतं कसं?"

"पुठ्ठ्याची लाल नळी. हळू उतराले प्लास्टिकच्या पन्नीची लंबी छत्री."

जमनीनं कार्ड काउंटरवर ठेवलं.

"पन्नी पांढरी होती काय, पोरी?"

"हो मावशी! तुमाले सापडलं?"

"आमाले वाटलं, कंपनीचा सापळा हाये, बोंडअळीचं पाखरू धराचा. त्यालेही अशीच पन्नी राह्यते. कपाशीच्या पराटीत काडीले बांधून ठेवला. दिवाळीपासून रोज जाऊन पाहून राह्यली मी, एक पाखरू नाही! कंपनीले किती शिव्या देल्ल्या!"

"अरे बाप्पा!" संघदीप हसला. "मंग आता लेबलावर काय लिहू, मावशी?"

"पयले मोठ्या अक्षरात लिव, यात पाखरू सापडत नाही. बाबाचा नंबर मंग खाली."