डाव्या हाताचं कौतुक

मोठ्या बाई : दार लोटून घ्या आधी. पोरं झोपलीत ना? त्या मुलीची निरीक्षणवही कुठंय?

बाई : ही घ्या. चौकशीवाले कधी येताहेत?

मोठ्या बाई : तीनला. त्याआधी एकदा नजर फिरवते. 'शांत बसते. डबा पूर्ण संपवते.' छानच लिहिलंय की. आपल्यावर ठपका येण्यासारखं यात काय आहे?

बाई : पुढचं पान वाचा.

मोठ्या बाई : 'आजपासून डाव्या हाताने रंगवते. नवीन कौशल्य. कौतुक केले.' बरं, मग?

बाई : काल दवाखान्यात तिची आजी भेटली. उजवा हात दोनदा मोडलाय. एकदा परवा रात्रीच्या मारात. आणि एकदा तीन आठवड्यांपूर्वी. तारीख बघा त्या पानावरची.

मोठ्या बाई : अगं बाई.

बाई : सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या हो मी.

मोठ्या बाई : हळू बोला. तुम्ही काय डॉक्टर आहात? प्रशिक्षणातच सांगितलं होतं, पालक वही वाचतात, उणं काही लिहू नका.

बाई : लिहू नका म्हणाले होते. बघू नका नव्हते म्हणाले.

मावशी : (दारातून) मी सांगितलं होतं बाईंना. कपडे बदलताना बाहीला हात लावू देत नव्हती पोर.

बाई : सांगितलं होतंत, मावशी. तेही लिहिलंय मी. 'स्वतःचे कपडे स्वतः घालण्याचा आग्रह धरते.'

मोठ्या बाई : हे पान फाडा. नवीन लिहा, 'हाताबाबत शंका आली, पालकांना विचारलं.' मागची तारीख टाका.

बाई : बोलले होते ना मी. बापाशीच. शाळा सुटताना म्हटलं, डाव्या हातानं काय सुरेख रंगवते तुमची लेक. तो हसला. म्हणाला, शिकवलं की शिकते.

मावशी : शुद्धीवर आली का हो ती?

बाई : नाही.

मोठ्या बाई : माझं ऐका. बालवाडीला टाळं लागलं, तर उरलेल्या एकोणीस लेकरांनी जायचं कुठं? आयांनी कामं सोडायची? आणि तुम्हाला परत कुठली शाळा दारात उभं करणार आहे?

बाई : नाही केलं तर नाही. वही आहे तशी देणार मी.

मोठ्या बाई : मग निदान भिंतीवरचा तो चांदण्यांचा तक्ता तरी काढा. सगळ्यांत लांब ओळ तिचीच आहे, आंधळ्यालाही दिसेल. मावशी, स्टूल आणा.

मावशी : मी नाही काढायची.

मोठ्या बाई : का?

मावशी : न रडणाऱ्याला चांदणी, असं ठरलं होतं ना आपलं. परवा खिडकीचं दार आपटलं, तर टेबलाखाली जाऊन बसली. किती वेळानं बाहेर आली आणि माझा पदर ओढून म्हणाली, मावशी, मी नाही रडले. शेवटची चांदणी मीच लावलीय.