आमच्या खाचरातला गोल्फ

गोल्फचं मला विचारा. एकदाच गेलो, पण बघायला नाही, खेळायला गेलो.

माझा धाकटा चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. त्याचे साहेब ज्या मैदानावर गोल्फ खेळतात, तिथे आधी आमची भाताची खाचरं होती. हे कळल्यावर साहेबांनी मलाही बोलावलं.

पोरानं गाडीत बजावलं, "आबा, चेंडूला हात लावायचा न्हाई. कमी फटक्यांत भोकात घालंल तो जिंकतो. आन् साहेब मारताना तोंड उघडायचं न्हाई. माझं प्रमोशन अडकलंय."

पहिल्याच भोकापाशी साहेब वाकले. एक डोळा मिटून चेंडूभोवती फिरले, म्हैस विकत घ्यायला आल्यासारखे. मग काठी सरळ भोकाकडे धरली.

मला राहवलं नाही. "साहेब, जरा उजवीकडं मारा. इथलं पाणी डावीकडं उतरतं."

पोरगं पांढरं पडलं. साहेब हसले, "काका, याला टेक्निक लागतं." त्यांनी सरळ मारला. चेंडू डावीकडे वळला आणि भोकाला टाळून लांब गेला.

मग मी माझा चेंडू उजवीकडे हलकेच ढकलला. तो वळून भोकात पडला.

साहेब जवळ आले, हळूच म्हणाले, "काका, पुढच्या भोकाला पाणी कुठे उतरतं?"

मी म्हणालो, "मला बोलायची मनाई हाय, साहेब. पोराचं प्रमोशन अडकलंय."

साहेबांनी पोराकडे बघितलं. अजून सतरा भोकं बाकी होती.